गेम आणि सिनेमे: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचे, मित्रमैत्रिणी, त्यांची मुलं आणि अधूनमधून अगदी अनोळखी लोकही फिरून फिरून हेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. पटली नाहीत तर खुशाल भांडा, फक्त तो गेम खेळून किंवा तो सिनेमा बघून या. जिथे शेवट फुटतो तिथे आधी सांगितलं आहे.

सगळ्यात आवडता गेम कोणता?

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. २०१८ चा, लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकहाती केलेला. नाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साल १८०७. काही वर्षं बेपत्ता असलेलं एक व्यापारी जहाज इंग्लंडातल्या फाल्मथ बंदराशी येऊन लागतं. वर जिवंत कुणी नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचे तपासनीस. हातात एक वही आणि एक विचित्र घड्याळ. प्रेताजवळ घड्याळ उघडलं की आधी काळोखात त्या माणसाच्या शेवटच्या काही क्षणांचे आवाज ऐकू येतात, मग मरणाचा नेमका क्षण गोठून समोर उभा राहतो आणि आपण त्यात हवं तितकं हिंडायचं. जहाजावर ६० माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि कुणामुळे झालं, हे वहीत भरायचं. गेम एवढाच.

यात बाण दाखवून 'इकडे बघ' कुणी सांगत नाही. कोण कोणाशेजारी उभा आहे, कोणाच्या बोलण्याचा ढंग कुठला, झोळीवर आकडा कोणता, यावरून माणूस ओळखायचा. खलाशांत भारतीयही आहेत, त्यांना एकमेकांपासून वेगळं काढताना माझा चांगलाच घाम निघाला. उत्तरं तीन-तीनच्या गटात बरोबर ठरतात, त्यामुळे ठोकून दिलेला अंदाज फारसा चालत नाही. चित्र सगळं दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर असायचं तसं. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना खुपतं, नंतर दुसरं काही सुचत नाही. दोष एकच: एकदा सुटला की संपला. पुन्हा खेळायचा तर आधी विसरावा लागेल.

आणि सिनेमा?

'कोर्ट', चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. व्हेनिसला दोन बक्षिसं मिळाली, पुढच्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आपल्याकडे तो बघितलेली माणसं कमी आणि 'संथ आहे म्हणे' हे सांगणारी जास्त.

एका लोकशाहिरावर खटला चालतो: त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. शाहीर झालेत वीरा साथीदार. खटल्यात नाट्य जवळजवळ नाही. तारीख पडते, वकील उभे राहतात, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात. कॅमेरा लांब उभा आणि हलत नाही. त्या चौकटीत मागच्या बाकावर जांभया देणारा, फाइल शोधणारा, दुसऱ्याच खटल्यासाठी येऊन बसलेला, सगळे असतात. कुणाकडे बघायचं ते माझं मी ठरवते. शेवट फुटतो: उन्हाळ्याच्या सुटीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे जातात, तरी कॅमेरा त्या अंधाऱ्या खोलीत थांबून राहतो. तिथे सिनेमा संपला असं वाटतं, आणि मग तो न्यायाधीशांच्या सहलीला जातो. ती सहल मला खटल्याइतकीच महत्त्वाची वाटते.

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील हे काम विशेष लक्षात राहतं. कोर्टात त्या कलमं वाचतात, लोकलने घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. बाई वाईट आहेत का? मी हा सिनेमा ज्यांच्या ज्यांच्याबरोबर पाहिला, त्यांच्याशी यावर वाद झाला.

या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?

दोन्ही मला काम देतात. माझी कसोटी एवढीच आहे: यात माझ्यावर काय सोपवलंय? गेम हातात असूनही अर्धा वेळ मी नुसती बघतच असेन तर तो मला कंटाळवाणा वाटतो. आणि सिनेमात माझ्या हाती काही नसलं तरी डोळ्यांना आणि डोक्याला काहीतरी शोधायला मिळालं पाहिजे. पुढची सगळी उत्तरं याच कसोटीवर घासलेली आहेत, त्यामुळे काही लोकप्रिय नावं घसरतील.

व्हाइस सिटीबद्दल वाईट बोलू नका हं!

नाही बोलत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या गेममालिकेतला २००२ चा भाग. आपल्याकडे नेट कॅफेत तासाच्या हिशोबाने आणि घरच्या कॉम्प्युटरवर कुणाकडून तरी आणलेल्या सीडीवर एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्यातल्या बहुतेकांनी गोष्ट पूर्ण केलेली नाही. रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवून बांधकामाच्या इमारतीत बॉम्ब ठेवायचे, त्या मिशनपाशी गाडी अडली ती अडलीच. मग वहीच्या मागच्या पानावरचे चीट कोड. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा, 'लीव्ह मी अलोन' टाइप केलं की पोलीस गायब.

गोष्ट म्हणाल तर उसनी आहे. १९८३ चा 'स्कारफेस' बघा. हवेली, पांढरा सूट, शेवटची गोळीबारी सगळं तिथून आलंय. नायक टॉमीला आवाज रे लिओटा या नटाचा आहे, तो मात्र बेफाम. पण मला गेम आठवतो तो रस्त्यांमुळे. शहर लहान होतं आणि पडद्यावर रस्ता दाखवणारी रेघ नव्हती, म्हणून ते पाठ करावं लागायचं. समुद्राकडेने जाताना गाडीच्या रेडिओवर फ्लॅश एफएम लावायचं की इमोशन, यावर शेजारी बसलेल्या भावाशी भांडण. नंतरचे भाग कितीतरी मोठे झाले, पण त्यांत मी नकाशावरची रेघ बघत गाडी चालवते. २०१३ च्या पाचव्या भागातलं शहर सुंदर आहे. मला त्यातला एकही चौक आठवत नाही.

रेड डेड रिडेम्पशन २ सर्वश्रेष्ठ नाही? मग तुम्हाला काय कळतं?

त्यात दोन गेम आहेत. एक मोकळा: १८९९ ची अमेरिका, घोडा, पाऊस, वाटेत भेटलेला अनोळखी माणूस. तो मला प्रिय आहे. दुसरा म्हणजे त्यातली मिशन्स. तिथे ठरल्या झाडामागेच लपायचं, ठरल्या वाटेनेच जायचं, चार पावलं बाजूला गेलात की 'फेल'. एवढं मोठं जग बांधायचं आणि ऐन मोक्याला बोट धरून चालवायचं, हे मला समजत नाही. नायक आर्थर मॉर्गनचं पात्र फार चांगलं लिहिलंय, यावर दुमत नाही. तो वही लिहितो, चित्रं काढतो. ती पानं थांबून वाचा.

पबजी का आवडत नाही?

आवडतो की. निदान त्याचा पहिला भाग. शंभर माणसं बेटावर उतरतात आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. रिकाम्या घरात आपल्याच पावलांचा आवाज, लांब कुठेतरी एक गोळी. वर्तुळ आक्रसत येतं. एवढ्या शांततेचा गेम इतका लोकप्रिय होईल असं कुणाला वाटलं नसतं. पबजीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन, त्याला ही कल्पना सुचली त्यामागे किंजी फुकासाकूचा २००० सालचा जपानी सिनेमा 'बॅटल रॉयल' आहे. तो मात्र शाळकरी मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या सरकारावरचा आहे आणि बघताना पोट ढवळतं. गेममध्ये आला तो फक्त साचा. राग जपानमध्येच राहिला.

मला खटकतं ते त्यातलं दुकान. कपडे, बंदुकीचे रंग, पेट्या उघडायचा नाद. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने पुनरागमन, २०२२ मध्ये पुन्हा गायब, २०२३ मध्ये पुन्हा हजर. या सगळ्या ये-जा करण्यात दुकान मात्र कायम राहिलं.

ऑनलाइन रमी खेळता का?

नाही, आणि त्याला मी या यादीत धरतही नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, तेव्हा कुणीतरी मला 'आता तुमचं कसं होणार?' असा निरोप पाठवला होता.

गेमवरून निघालेला एखादा सिनेमा बरा आहे का?

बहुतेक टाकाऊ. १९९३ चा मारिओ हौसेने बघा, असा विक्षिप्त प्रकार पुन्हा होणे नाही. २०२३ चा कार्टून मारिओ चकचकीत आहे आणि त्याने धंदाही तुफान केला. मुलं खूश होतात. मी अर्ध्यात चहा टाकायला उठले.

चांगलं उदाहरण सिनेमाचं नाही, मालिकेचं आहे. 'द लास्ट ऑफ अस', गेम २०१३ चा, मालिका २०२३ ची; साथीने माणसं हिंस्र झालेल्या जगातली गोष्ट. पुढे शेवट फुटतो. गेममध्ये बिल नावाचा एक चिडका माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक आधीच मेलेला, जाताना कडू चिठ्ठी लिहून ठेवलेली. आपल्याला ते सगळं पडक्या घरातून फिरताना कळतं आणि आपण पुढे जातो. मालिकेने तिसऱ्या भागात ही गोष्टच उलटवली. बिल आणि फ्रँक एकत्र म्हातारे होतात. रोगट माणसांचा हल्ला वगैरे जवळजवळ नाहीच. स्ट्रॉबेरी लावतात, भांडतात, जेवायला वाढतात. यात खेळायला काय आहे? काहीच नाही. म्हणूनच तो भाग पडद्यावर शोभतो. बाकी मालिका जिथे गेमची चौकटन् चौकट उतरवत बसते, तिथे मला गेम पुन्हा लावावासा वाटतो.

आणि गेमनी सिनेमाकडून घेतलं ते?

यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण जुनं आहे. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि एकेका चित्रावरून राजपुत्राची हालचाल काढली. तलवारबाजी मात्र १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या सिनेमातून, एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वातून उचलली. कॉम्प्युटरची मेमरी संपत आली होती, नवा शत्रू काढायला जागा नव्हती. मग नायकाच्याच आकृत्या थोड्या सरकवून त्यांची छाया केली आणि आरशातून राजपुत्राचा तोतया बाहेर काढला. शेवट फुटतो: त्याला मारलंत तर तुम्ही मरता. तलवार म्यान करून त्याच्या अंगावर चालत जावं लागतं. हे सिनेमाकडून आलेलं नाही. हे फक्त गेममध्येच होऊ शकतं, कारण म्यान करायचं बटण माझं मला दाबावं लागतं. एका तासाच्या मुदतीत, घामेजल्या बोटांनी.

उलट बाजूला २०२० चा 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. जपानवरच्या मंगोल स्वारीचा, १२७४ चा काळ, वाऱ्याने झुकणारं गवत, अप्रतिम. त्यात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या नावाचा 'कुरोसावा मोड' आहे. तो लावला की चित्र कृष्णधवल, दाणेदार, आवाज जुना. मला ते देखल्या देवा दंडवत वाटतं. कुरोसावा म्हणजे रंग काढून टाकणं नव्हे. चौकटीत पाऊस, घोडे, माणसं कशी सरकतात ते तो ठरवायचा, आणि इथे कॅमेरा तर माझ्या अंगठ्याखाली! शिवाय त्याचा 'रान' हा सिनेमा रंगीत आहे आणि त्यातल्या फौजा रंगांवरच ओळखायच्या आहेत. इतका रंगीत गेम करून त्याच्या नावाने रंग पुसायचे, हा उलटा कारभार झाला. तो मोड बंद ठेवा.

परदेशी गेममध्ये भारत कसा दिसतो?

पूर्वी एकटा 'स्ट्रीट फायटर २' मधला ढालसिम होता. गळ्यात कवट्या, हात रबरी, तोंडातून आग. हसून सोडून द्यायचं.

२०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये आपण भाडोत्री मारेकरी असतो आणि त्यात मुंबईचा एक टप्पा आहे. तिथे झोपडपट्टी आहे, चाळ आहे, अर्धवट उंच इमारत आहे, सिनेमाचं शूटिंग चालू आहे, निर्माताच एक सावज आहे. दुसऱ्या सावजाचं नाव वझीर काळे. हे नाव कोणत्या पंचांगातून काढलं देव जाणे. पण काळेचा चेहरा कुणालाच माहीत नसतो आणि गर्दीतून तो हुडकणं हे काम फार मजेचं आहे. गर्दी आणि गल्ल्यांची गुंतागुंत त्यांना बरोबर जमलीय. फक्त गरिबी टाकली की मुंबई झाली, हा जुना समज काही सुटत नाही.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) पश्चिम घाटात घडतो. गणपतीचा दात शोधायचा, वाटेत होयसळांच्या बेलूर-हळेबीडूची नावं. खरं बेलूर घाटाच्या पूर्वेला, मोकळ्या पठारी भागात आहे, तिथे असले अजस्र धबधबे नाहीत. पण चिखलातून जीप काढताना जो हिरवा रंग दिसतो तो पाहून जुलैतला ताम्हिणी आठवला नाही तर सांगा.

आपल्याकडचा 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केला, २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, वरून बोलणारे दुर्गा आणि विष्णू, मधेमधे सावल्यांच्या बाहुल्या. मारामारी ओबडधोबड आहे. भिंती, दरवाजे, कमानी मात्र मी थांबून थांबून पाहिल्या. घ्या आणि खेळा. आपल्या गावचा म्हणून सूट द्यायची गरज नाही, तितका चांगला तो आहे.

शिवाजी महाराजांवर मोठा गेम का निघत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुधा 'हॉलिवूडच्या तोडीचा' अशा शब्दांत. पैसा, माणसं ही कारणं आहेतच. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. गेम म्हटला की हरणं आलं. खेळाडू चुकेल, दरीत पडेल, वेढ्यात सापडेल, पुन्हा सुरू करेल. महाराज पडद्यावर दर पाच मिनिटांनी मरताहेत, हे कोण बनवेल आणि कोण चालू देईल?

मराठे गेममध्ये अगदीच नाहीत असं नाही. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर' मध्ये मराठा राज्य घेऊन खेळता येतं आणि सुरुवात होते १७०० साली. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. केवढा प्रसंग! गेमचा जीव मात्र मैदानात बंदुकांच्या रांगा लावण्यात आहे. मी तंजावरपासून लाहोरपर्यंत सगळं जिंकलं आणि आपण मराठे आहोत हे झेंड्यावरूनच कळत राहिलं.

माझ्या डोक्यातला गेम असा आहे. साल १६६०, पन्हाळा. सिद्दी जौहरचा वेढा मार्चमध्ये पडलाय. तुम्ही महाराज नाही, बाजीप्रभूही नाही. तुम्ही गडाचे कारखानीस. गडावर हवालदार किल्ल्या सांभाळतो, सबनीस हिशेब, आणि साठा तुमच्याकडे. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची तीन कोठारं. त्यांत धान्य किती, तेल किती, मीठ किती, दारूगोळा किती. रोज किती वाटायचं? घोड्यांना काय घालायचं? एखादा शिपाई घरच्या आजाऱ्यासाठी जास्तीचं मागतो, द्यायचं का? वेढा किती दिवस चालणार हे तुम्हाला ठाऊक नाही. पाऊस लागतो, भिंती ओल धरतात, धान्याला बुरशी येते. जुलैतल्या एका रात्री गडावर काहीतरी हालचाल होते, पालख्या निघतात, आणि सकाळी तुम्हाला कळतं की खाणारी तोंडं कमी झालीत. गेम तिथे संपत नाही. पुढे गड आदिलशाहीकडे जातो आणि तोवरचा हिशेब तुम्हालाच जमवायचाय. यात हरता येतं, कुणाचा अपमान होत नाही, आणि फार पैसाही लागत नाही. कुणी केलाच तर मला पहिल्या दिवशी विकत घ्यायचाय.

एखादा सिनेमा बघताना 'हा तर गेम आहे' असं वाटलं का?

'तुंबाड'. राही अनिल बर्वेचा, २०१८ चा, हिंदी असला तरी माती कोकणातली. थोडं फुटतं. विनायक विहिरीतून खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, हस्तर नावाचा तिथला शापित देव ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून जमतील तितक्या मोहरा ओरबाडतो आणि दोरावरून वर. पैसे संपले की पुन्हा. नियम ठरलेले, धोका ठरलेला, आणि प्रत्येक फेरीला अजून एक मोहर घेऊ का, हा मोह. चांगल्या गेमचं चाक असंच फिरतं. शेवटी मुलगा जी युक्ती सुचवतो, ती गेम खेळणाऱ्या कुठल्याही बारा वर्षांच्या पोराने सुचवली असती, आणि त्याचं काय होतं तेही तसंच. बघताना माझे हात उगाच शिवशिवत होते.

गेम ही कला आहे का?

अमेरिकन सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट नाही म्हणाला. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने २०१२ मध्ये पॅक-मॅनसकट १४ गेम संग्रहात घेतले. या वादात मी वेळ घालवत नाही.

माझ्याकडे कन्सोल नाही, फक्त फोन आहे. काय खेळू?

'मॉन्युमेंट व्हॅली'; एका संध्याकाळचं काम. मग 'पेपर्स, प्लीज', तोही लुकास पोपचाच, आता फोनवर मिळतो. तुम्ही एका कडक देशाच्या सीमेवरचे कारकून, पासपोर्ट तपासायचे, चुकलात की पगार कापला जातो आणि घरी मुलाचं औषध राहतं. खिडकीपलीकडून एखादी बाई 'माझा नवरा आत्ताच आत गेला, मलाही जाऊ द्या' म्हणते. तिचे कागद अपुरे असतात. शिक्का तुमच्या हातात.

मुलाला कोणता गेम देऊ? तो दिवसभर मोबाइलवर असतो.

डब्यावरचं वय आधी बघा. १८ लिहिलंय म्हणजे १८. आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, दोघांनी मिळून खेळायचं काहीतरी घ्या. 'अनटायटल्ड गूज गेम' उत्तम: तुम्ही एक खट्याळ हंस, गावातल्या माळ्याची टोपी पळवायची, किल्ल्या पाण्यात टाकायच्या. आजीसुद्धा खेळेल. 'इट टेक्स टू' ला दोन माणसं लागतातच. त्याचा दिग्दर्शक जोसेफ फारेस आधी सिनेमे करायचा. मात्र त्यात आईबाप घटस्फोटाच्या वाटेवर आहेत. घरात तसं वातावरण असेल तर जपून.

सगळं गंभीरच बघता का? 'अशी ही बनवाबनवी' आवडत नाही?

ज्याला आवडत नाही त्याच्याशी मी सोयरीक करत नाही. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' मधली आहे, तोही बघा म्हणजे सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे या मंडळींनी तिचं काय केलं ते कळेल. टीव्हीवर लागला तर कुठूनही सुरू करा. पण मी शेजारी बसले असेन तर संवाद आधी बोलून दाखवू नका, ते मीच बोलते.